आपल्या मालाची दूरचित्रवाणीवर जाहिरात: योजना, खर्च आणि जबाबदारी

शेतकऱ्यानें माल पिकवावा आणि त्याचें नांव दुसऱ्यानें करावें, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बाजारांत गेलेली गुळाची ढेप किंवा बेदाण्याची पेटी कोणत्या गांवच्या कोणत्या शिवारांतून आली, हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें. आणि ज्याचें नांव ठाऊक नाहीं त्यास भाव मागण्याचा अधिकारहि राहत नाहीं. बोलणाऱ्याची मातीहि विकते आणि न बोलणाऱ्याचें सोनें पडून राहतें, अशा अर्थाचें बोलणें आपण घरोघर ऐकतों. अलीकडे ठिकठिकाणीं शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संघ निघाले असून, आपला माल स्वतःच्या नांवानें विकावा व त्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर द्यावी, असा विचार त्यांच्या सभांतून वारंवार निघूं लागला आहे. विचार चांगला आहे. परंतु त्यांत खर्च होणारा पैसा सभासदांचा असतो, आणि दिलेलें वचनहि सर्व सभासदांच्या वतीनें दिलेलें असतें. म्हणून ही जाहिरात कशी योजावी, कशी तयार करून घ्यावी आणि तिच्यावर किती पैका घालावा, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

थोडा पूर्वेतिहास

दूरचित्रवाणीवरील पहिली कायदेशीर जाहिरात १ जुलै १९४१ रोजीं न्यूयॉर्क येथें दाखविली गेली. ती बुलोव्हा नांवाच्या घड्याळांची असून सुमारें दहा सेकंदांचीच होती. अमेरिकेच्या नकाशावर एक घड्याळ आणि एक वाक्य, एवढाच तिचा संसार. इंग्लंडांत पहिली जाहिरात २२ सप्टेंबर १९५५ रोजीं लागली. ती दांत घासण्याच्या एका मलमाची होती, व त्याची नळी बर्फाच्या लादींत बसवून दाखविली होती. मलम तोंडास गारवा देतें हें सांगण्यासाठीं याहून निराळें कांहीं करावें लागलें नाहीं. या दोन्ही उदाहरणांचा बोध एकच आहे. थोड्या वेळांत एकच गोष्ट सांगावी, आणि ती डोळ्यांस दिसेल अशा रीतीनें सांगावी.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून घेण्यांत येऊं लागल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत शेतमालवाल्यांनींहि हें साधन हातीं घेतलें, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें.

शेतकऱ्यांनीं केलेल्या दोन जाहिराती

पहिलें उदाहरण अंड्यांचें. १९८२ सालापूर्वीं अंड्यांचा भाव व्यापारी ठरवीत, आणि पुष्कळदां तो उत्पादनखर्चाच्याहि खालीं जाई. पुण्यास व्यंकटेश्वर हॅचरीज स्थापन करणारे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें त्या सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति निघाली, व कुक्कुटपालकांनीं आपला भाव आपण जाहीर करण्यास सुरुवात केली. परंतु भाव जाहीर करून भागत नाहीं, मालास गिऱ्हाईकहि वाढलें पाहिजे. म्हणून समितीनें दूरचित्रवाणीवर जाहिराती दिल्या. रविवार असो कीं सोमवार, अंडें रोज खावें, अशा आशयाचें त्यांतील हिंदी यमक आजहि लोकांच्या तोंडीं आहे. यांत कोणा एकाच्या खुराड्याचें नांव नव्हतें. साऱ्या धंद्याच्या वतीनें साऱ्या मालाची ती जाहिरात होती. अशा जाहिरातीचा फायदा वर्गणी न देणाऱ्यासहि मिळतो, म्हणून ती मोठ्या व भक्कम संघटनेवांचून चालत नाहीं.

दुसरें उदाहरण दुधाचें. खेडा जिल्ह्यांतील दूध-उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ सालीं नोंदला गेला व त्याचें अमूल हें नांव पुढें देशभर झालें. १९७६ सालीं गुजरातेंतील पांच लक्ष दूध-उत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन मंथन हा चित्रपट निर्माण केला. श्याम बेनेगल यांनीं तो दिग्दर्शित केला व त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांनीं लिहिली. त्यांतील एका गाण्याचा उपयोग पुढें अमूलच्या दूरचित्रवाणी जाहिरातींत करण्यांत आला. येथें जाहिरात एका नांवाची होती, आणि तें नांव लक्षावधि उत्पादकांच्या मालकीचें होतें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, एवढा मोठा संघ झाला तरी त्याचा जाहिरातीवरील खर्च विक्रीच्या शेंकडा एकाच्या आसपासच राहत आला आहे, असें त्याचे चालक सांगत आले आहेत.

आधीं घर तपासावें

आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. तेथें पाहणी झाल्यावांचून आणेवारी लावीत नाहींत. तोच नियम येथें लावावा. जाहिरात ठरविण्यापूर्वीं संघाच्या चालकांनीं पुढील प्रश्नांचीं उत्तरें लेखी करावीं.

१. ज्या शहरांत जाहिरात दिसणार, त्या शहरांतील दुकानांत आपला माल आहे काय? जाहिरात पाहून गिऱ्हाईक दुकानीं गेलें आणि माल मिळाला नाहीं, तर दुकानदार शेजारचा माल पुढें करतो, व आपल्या पैशानें दुसऱ्याची विक्री होते.

२. मागणी दुप्पट झाली तर तितका माल त्याच प्रतीचा देतां येईल काय? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येणार नाहीं.

३. नांव व चिन्ह यांची नोंदणी झाली आहे काय? भौगोलिक मानांकनाचें नांव वापरावयाचें असल्यास अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद झाली आहे काय? खाद्य पदार्थ असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना व वेष्टनावरील मजकूर नियमानुसार आहे काय?

या तिहींपैकीं एकाचेंहि उत्तर नकारार्थी असेल तर जाहिरातीचा पैसा प्रथम त्या कामीं लावावा. दूरचित्रवाणी कोठें पळून जात नाहीं.

मागणीपत्र

घर तपासून झाल्यावर जाहिरात-संस्थेकडे जाण्यापूर्वीं एक पानाचें मागणीपत्र तयार करावें. पुष्कळ मंडळी तोंडी सांगतात आणि मागाहून वाद घालतात. कागद असला म्हणजे वाद राहत नाहीं. विषय स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही कोल्हापूरकडील तीनशें गुऱ्हाळवाल्यांची एक कंपनी कल्पनेनें घेतों. तिच्या मागणीपत्रांत पुढील गोष्टी याव्या: माल कोण विकत घेतो (मुंबई-पुण्याकडील गृहिणी), आज ती काय समजते (गूळ सारा सारखाच, जो पिवळाधमक तो चांगला), जाहिरात पाहून तिनें काय समजावें, त्यास आपल्याजवळ पुरावा कोणता, आणि काय मुळींच बोलूं नये. शेवटीं रक्कम व मुदत.

यांतील तिसऱ्या कलमांत एकच वाक्य असावें. चालक-मंडळाच्या सभेंत प्रत्येकजण आपलें एक वाक्य घालूं पाहतो. एकास जुनी परंपरा हवी, दुसऱ्यास अध्यक्षांचा फोटो हवा, तिसऱ्यास कारखान्याची इमारत हवी. वीस सेकंदांत हें सारें कोंबलें तर पाहणाऱ्याच्या लक्षांत कांहींच राहत नाहीं. अध्यक्षांचा फोटो वार्षिक अहवालांत शोभतो. गृहिणीस त्याच्याशीं कर्तव्य नाहीं.

मसुदा आणि चित्रें

दूरचित्रवाणीवरील वेळ दहा सेकंदांच्या मापानें विकली जाते. म्हणून जाहिरात दहा, वीस किंवा तीस सेकंदांची करतात. वीस सेकंदांत सावकाश बोलले जाणारे शब्द पस्तीस ते चाळीसच बसतात. मसुद्याच्या कागदाचे दोन रकाने करावे, डावीकडे जें दिसेल तें व उजवीकडे जें ऐकूं येईल तें. डावा रकाना झांकून उजवा वाचला आणि तरीहि सारें कळलें, तर ती जाहिरात नभोवाणीस योग्य आहे. दूरचित्रवाणीचा पैसा वाया जाईल.

आमच्या कल्पनेंतील गुळाची जाहिरात अशी होऊं शकेल. पहांटेच्या उजेडांत चुलवाण पेटलेलें; काहिलींत रस उकळतो आहे आणि गुळव्या झाऱ्यानें मळी काढतो आहे. पुढें वाफ्यांत ओतलेला, तांबूस रंगाचा पाक. नंतर एका घरांत आई तिळगुळासाठीं गूळ फोडते. मुलगा विचारतो, हा पिवळा कां नाहीं? ती म्हणते, हा असाच असतो. शेवटचीं चार सेकंदें पुडा व नांव. येथें सांगण्याची गोष्ट एकच आहे, कीं चांगल्या गुळाचा रंग तांबूस असतो. ती सांगण्यास फारसे शब्द लागले नाहींत.

मसुदा ठरल्यावर चित्रकाराकडून एकेका दृश्याचें लहान रेखाचित्र काढून घ्यावें. सभासदांना वाचून दाखविण्यापेक्षां चित्रें दाखविलेलीं बरीं. चित्रीकरणाच्या दिवशीं बदल सुचविणें फार महाग पडतें, चित्रांवर बदल सुचविणें फुकट असतें.

चित्रीकरण

किमान तीन संस्थांकडून लेखी दरपत्रकें मागवावीं व तीं एकाच मागणीपत्रावर असावीं, नाहींतर तुलना होत नाहीं. दरपत्रकांत दिग्दर्शक, छायाचित्रक, कॅमेरा, दिवे, नट, रंगभूषा, जागा, प्रवास, संकलन, ध्वनिलेखन, संगीत व निवेदकाचा आवाज हीं कलमें निरनिराळीं मागावीं. तीन गोष्टी करारांत स्पष्ट लिहून घ्याव्या. नटांचें चित्र किती मुदतीपर्यंत व कोणत्या माध्यमांत वापरतां येईल. संगीताचे हक्क कोणाचे. आणि मूळ चित्रफीत कोणाच्या ताब्यांत राहील. या लिहिल्या नाहींत तर पुढील वर्षीं तीच जाहिरात दाखविण्यास पुनः पैसे द्यावे लागतात.

गुऱ्हाळ खरें असावें. भाड्याच्या जागेंत उभारलेलें खोटें गुऱ्हाळ शहरी माणसास कळणार नाहीं, परंतु आपल्या सभासदांस तत्काळ कळेल व त्यांचा विश्वास उडेल. वाफ समोरच्या उजेडांत दिसत नाहीं, प्रकाश तिच्या मागून आला म्हणजे ती उठून दिसते; म्हणून सूर्य वर येण्यापूर्वींच सर्व तयारी असावी. त्या दिवशीं दोन काहिली राखून ठेवाव्या. उकळता रस कोणाची वाट पाहत नाहीं, व पहिली काहील बिघडली तर दुसरी हातीं असावी. संघाच्या वतीनें एकाच माणसानें बोलावें. दहा संचालक कॅमेऱ्यामागें उभे राहून दहा हुकूम देऊं लागले, तर दिवस जातो व भाडें चढतें.

खर्चाचा हिशेब

पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. दर वाहिनीगणिक व वेळेगणिक फार बदलतो. समजा, दहा सेकंदांचा दर २,००० रुपये ठरला. वीस सेकंदांच्या जाहिरातीस एका वेळीं ४,००० रुपये. रोज चार वेळां, तीस दिवस दाखविल्यास ४,८०,००० रुपये. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर ८६,४०० रुपये. एकूण ५,६६,४०० रुपये. जाहिरात तयार करण्यास ३,००,००० रुपये व त्यावरील कर ५४,००० रुपये धरल्यास तें ३,५४,००० रुपये होतात. दोन्हींची बेरीज ९,२०,४०० रुपये. कराची वजावट मिळेल कीं नाहीं, हें आपल्या हिशेबनिसास विचारावें; आम्ही सावधपणें ती धरलेली नाहीं.

आतां हा पैसा परत कसा येणार? अडतीवरील भावापेक्षां आपल्या नांवाच्या पुड्यास सर्व खर्च जातां किलोमागें ८ रुपये जादा सुटतात असें धरूं. ९,२०,४०० रुपये भरून येण्यास १,१५,०५० किलो, म्हणजे तीस किलोचे ३,८३५ रवे, जादा विकले गेले पाहिजेत. सभासदागणिक हे सुमारें तेरा रवे आणि खर्च ३,०६८ रुपये. हे तेरा रवे जाहिरातीवांचूनहि विकले जाणारे नसावेत, जाहिरातीमुळें विकले गेलेले असावेत. ज्या चालक-मंडळानें हा हिशेब सभेपुढें मांडला नाहीं, त्यानें सभासदांचा पैसा मागूं नये.

दुसरा एक नियम असा कीं, तयार करण्याचा खर्च दाखविण्याच्या खर्चास गिळूं नये. उंची नट घेऊन सुंदर चित्र काढलें आणि तें पांच दिवसच दाखविण्यापुरता पैसा उरला, तर तें बियाण्यावर सारें भांडवल घालून पाण्यास पैसा न ठेवण्यासारखें होय.

वेळ कोणती निवडावी

गुळास संक्रांत हें मोठें गिऱ्हाईक. तेव्हां १६ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत जाहिरात लागावी. चित्रफीत १ डिसेंबरपर्यंत हातीं यावी. गुऱ्हाळें सुरू होतांच नोव्हेंबराच्या आरंभीं चित्रीकरण व्हावें. आणि सभेचा ठराव सप्टेंबरांत व्हावा. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यांत धांवपळ करणारास वाहिनीवर चांगली वेळ मिळत नाहीं.

वाहिन्यांनीं एका तासांत बारा मिनिटांपेक्षां अधिक जाहिराती दाखवूं नयेत असा नियम आहे, व त्यांतील दोन मिनिटें त्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींसाठीं असतात. म्हणून चांगली वेळ थोडी आणि महाग असते. लहान संघानें मोठ्या मनोरंजन वाहिनीच्या रात्रींच्या मालिकेमागें न लागतां, दूरदर्शनची सह्याद्रि वाहिनी, मराठी बातम्यांच्या वाहिन्या किंवा शहरांतील केबलवाले यांचे दर प्रथम पाहावे.

नवें बियाणें आपण एकदम साऱ्या शेतांत टाकीत नाहीं, एक-दोन वाफ्यांत करून पाहतों. येथेंहि तसेंच करावें. ज्या शहरांत आपला माल सारखाच जातो अशीं दोन शहरें घ्यावीं. एकांत स्थानिक केबलवर महिनाभर जाहिरात द्यावी, दुसऱ्यांत देऊं नये. दोन्हीं ठिकाणची विक्री जाहिरातीपूर्वीं एक महिना, जाहिरात चालूं असतां, व नंतर एक महिना, दर आठवड्यास लिहून ठेवावी. दोन्हीं शहरांतील विक्री सारखीच वाढली असेल, तर ती संक्रांतीनें वाढली, जाहिरातीनें नव्हे. हा तक्ता हाच पुढील वर्षाच्या ठरावाचा आधार.

वचनाची जबाबदारी

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जाहिरातींत बोललेला शब्द हा कायद्याच्या दृष्टीनें जबाबदारीचा शब्द आहे. १९९४ सालच्या केबल दूरचित्रवाणी नियमांत जाहिरातींची संहिता दिलेली आहे. जाहिरातदारांनीं स्वतः नेमलेली भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ पासून तक्रारी ऐकत आली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुनः तसाच अपराध झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. शहानिशा न करतां मालाची शिफारस करणारा नटहि त्यांतून सुटत नाहीं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यांतहि अशा जाहिरातीस दहा लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक इत्यादि शब्द खाद्य पदार्थांस केव्हां लावावे, याचे निर्बंध २०१८ च्या विनियमांत आहेत. मसुदा वकिलास दाखविल्यावांचून चित्रीकरण करूं नये.

परंतु दंडापेक्षां मोठें भय निराळें आहे. गुळास पिवळा रंग यावा म्हणून कांहीं ठिकाणीं हायड्रॉस नांवाची पूड घालतात, हें आपल्यापैकीं कोणास नवें नाहीं. बाजार पिवळ्या गुळास भाव देतो, म्हणून ती घातली जाते. घालणाऱ्यास एकट्यास दोष देऊन भागणार नाहीं. आपल्या कल्पनेंतील कंपनीनें जर जाहिरातींत सांगितलें कीं, आमचा गूळ तांबूस असतो कारण त्यांत कांहीं घातलेलें नाहीं, तर तें वचन तीनशें गुऱ्हाळांच्या वतीनें दिलें गेलें. त्यांपैकीं एकानें भावाच्या आशेनें पूड टाकली, आणि तो पुडा तपासणींत सांपडला, तर उरलेले दोनशें नव्व्याण्णव जण खोटे ठरतात. दूरचित्रवाणीनें जितक्या घरीं नांव नेलें, तितक्याच घरीं तो डाग जातो, आणि तो धुवून काढण्यास पुनः वेळ विकत घेतां येत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, जाहिरातीचा ठराव करण्यापूर्वीं सभासदांचा दुसरा एक ठराव व्हावा. त्यांत प्रत्येक काहिलीची नोंदवही, प्रत्येक गुऱ्हाळाचा पुड्यावर क्रमांक, हंगामांत अचानक नमुने घेऊन प्रयोगशाळेंत तपासणी, आणि दोषी ठरणाऱ्याचा माल त्या नांवाखालीं न घेणें, हीं चार कलमें असावीं. त्याचबरोबर तांबूस गुळास अडतीपेक्षां जादा भाव कंपनी देईल, हें पांचवें कलमहि असावें. कारण नुकसान सोसून वचन पाळण्याची अपेक्षा कोणाकडून करणें न्याय्य नाहीं. हीं कलमें सभेंत मंजूर होत नसतील, तर त्या वर्षीं जाहिरात करूं नये. रंगाचा शब्द गाळून केवळ नांव व गांव सांगणारी साधी जाहिरात करावी, किंवा तोहि खर्च वांचवून दुकानें वाढवावीं.

जाहिरात गिऱ्हाइकास एकदां दुकानापर्यंत आणते. दुसऱ्यांदा तें येतें तें पुड्यांत काय निघालें यावरून. ज्या संघांनीं नांव मिळविलें, त्यांच्या जाहिरातीमागें वर्षानुवर्षें रोज सकाळीं मापून घेतलेलें दूध आणि रोज निवडलेलीं अंडीं उभीं होतीं. आपल्या तालुक्यांतील मंडळींनीं अशी जाहिरात योजिली असेल, तर वर दिलेले तीन प्रश्न, खर्चाचा तक्ता आणि पांच कलमांचा ठराव हे कागद पुढील सर्वसाधारण सभेंत टेबलावर ठेवण्याचा आग्रह प्रत्येक सभासदानें धरावा. सभासदाचा तो हक्क आहे, आणि पैसा त्याचाच आहे.